खुराड्यावरचा कोट

एल्मो गाव्योलीचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. इटलीतल्या मोदेनात गाड्यांचा पत्रा ठोकणारे पुष्कळ होते आणि एल्मोचा हात त्यांत वाखाणला जाई, पण मालक बोर्सारींना त्याच्या हातापेक्षा त्याचा संशयी स्वभावच जास्त मोलाचा वाटे. ग्रां प्री शर्यतींची गाडी बनवणारा त्यांचा कारखाना छोटा. रस्त्यापलीकडे मोठा कारखाना, त्यांचीही गाडी त्याच शर्यतींत धावणारी, आणि दोन्हीकडची माणसं दुपारी एकाच खानावळीत मांडीला मांडी लावून जेवणारी. एल्मो तिथेही भिंतीला पाठ लावून बसे आणि तोंड फक्त खायला उघडे.

बोर्सारींची गाडी पहिल्या वर्षी एकही शर्यत पुरी करू शकली नाही. निम्म्यातच इंजिनाचं पाणी उकळायचं. दुसऱ्या वर्षी पुढचं तोंड रुंद केलं. इंजिन थंड राहिलं, पण सरळ रस्त्यावर बाकीच्या गाड्या तिला मागे टाकून जाऊ लागल्या. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र गाडीचं नाक साधलं. खाली झुकलेलं, तोंड बारीक, ओठ आत वळलेले. मोडतोडीसाठीचे जादा पत्रेसुद्धा ठोकून झाल्यावर मालकांनी, ज्यावर पत्रा ठोकून तो आकार घेतला, तो लाकडी साचा एल्मोच्या हवाली केला.

"जाळून टाक. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

जानेवारीत डुक्कर कापायच्या दिवशी अंगणातल्या कढईखाली तो साचा जळला. नाकाचा पोकळ तुकडा तेवढा त्याच्या बायकोने, आर्जियाने, ओढून बाजूला काढला.

"एवढं गुळगुळीत लाकूड जाळतोस? डोकं फिरलंय का? माझ्या कोंबड्या बसतील याच्याखाली."

एल्मोने हरकत घेतली नाही. पत्रेवाल्याच्या लेखी पत्रा उतरला की साचा मेला. उरलं ते सरपण, नाहीतर खुराडं.

त्याचं सगळं लक्ष होतं नेल्लोवर. हा पलीकडच्या कारखान्यातला वेल्डर. एल्मोची मुलगी इव्होन हिच्याशी त्याचं लग्न येत्या सप्टेंबरात व्हायचं होतं. दर रविवारी तो जेवायला यायचा, आणि घरात खुंटी असताना अंगणातच कोट काढून खुराड्यावर पसरायचा. मग कुडकुडत आत.

"खुंटीला काय काटे आहेत?" एल्मोने एकदा टोमणा मारला.

"असू दे, इथेच बरा आहे," नेल्लो म्हणाला आणि उगाच हसला.

ते हसू एल्मोला मुळीच आवडलं नाही. सगळे जेवायला बसले असताना त्याने कोटाचे खिसे चाचपले. एक रुमाल निघाला, बाकी काही नाही. काहीच नाही म्हणजे पोरगा पोचलेला आहे, असं त्याच्या मनाने घेतलं.

एप्रिलच्या एका रविवारी, दुसरा पेला रिचवल्यावर, नेल्लो बोलून गेला, "यंदा तुमची गाडी पळणार. नाकच सांगतंय."

एल्मोचा घास हातातच राहिला. गाडी अजून कारखान्याच्या बाहेर आली नव्हती. "तू कुठं पाहिलंस रे नाक?"

नेल्लोने इव्होनकडे पाहिलं, मग ताटाकडे. एल्मोने तो कोट अंगणातून उचलला आणि फाटकाबाहेर भिरकावला. "चोराला मी पोरगी देत नाही. पुन्हा या दारात दिसू नकोस."

मे महिन्यात बोर्सारींची गाडी सिसिलीत दुसरी आली आणि मालकांनी एल्मोला मिठी मारली. पण ऑगस्टमध्ये पलीकडच्यांची गाडी मैदानात उतरली ती हुबेहूब तेच नाक लावून, आणि वर त्यांचं इंजिन तगडं. बोर्सारींची गाडी पुढे कधी तिच्या जवळपासही पोचली नाही.

एल्मो घरी आला तो विजयाच्या थाटात. "बघितलंत? चोर तो चोरच!"

आर्जिया अंडी पुसत होती. "सारखं काय नाक नाक! त्या ओत्ताव्योलाही नाकाचंच वेड. आपलं खुराडं बघून म्हणाला, अगदी नाकासारखं आहे. बायकोला असंच करून देतो म्हणत त्याचं माप घेऊन गेला."

"कोण ओत्ताव्यो?"

"पलीकडच्या कारखान्यातला सुतार. कित्येक वर्षं अंडी नेतो की आपल्याकडून. माप घेतलं ते मे महिन्यात."

एल्मोने खिडकीतून पाहिलं. कोंबड्यांनी घाण केलेलं, चुना उडालेलं, पण तेच. खाली झुकलेलं, ओठ आत वळलेले.

"नेल्लोने ते खुराडं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," इव्होन म्हणाली. "म्हणून त्याच्यावर कोट टाकायचा. रविवारी ओत्ताव्यो अंडी न्यायला यायचा ना, म्हणून. मला म्हणाला, बाबांना सांगू नकोस, स्वतःची चूक त्यांना फार लागेल. तुम्ही त्याला हाकललंत तेव्हा मी सांगायला आले, तर तुम्ही त्याचं नावही घेऊ देईनात."

एल्मो टोपी न घालताच निघाला. नेल्लोच्या दारापर्यंत त्याने मनात बरंच काही जुळवलं होतं. दार उघडलं आणि त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"तो कोट," तो एवढंच म्हणाला. "मला कळलंच नाही रे."

नेल्लो दारातून हलला नाही. "खिसे तपासलेत ते मला कळलं होतं. त्यापेक्षा मला विचारायचं होतंत."

आतून त्याच्या आईने विचारलं, "कोण आहे रे?"

"इव्होनचे बाबा," नेल्लो म्हणाला, आणि दार तसंच उघडं ठेवून आत गेला.

एल्मो उंबरठ्यापाशी उभा राहिला. आपल्याला आत बोलावलंय की नाही, हे त्याला कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तर्क न लढवता सरळ विचारलं.

"आत येऊ का?"