पहिला ग्लास देणाऱ्याचा

दर शनिवारी संध्याकाळी एकाच काउंटरवर तीच चार माणसं बसायला लागली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. एक जण सुरुवात करतो, दुसरा त्याला मध्येच तोडून "अरे, ते पेरूचं सांग की!" म्हणतो, आणि तिसऱ्याच्या ग्लासातला बर्फ विरघळून जातो. आमचं काउंटर म्हणजे हुबळीतला गिरीशचा बार. त्याला छानसं नावही आहे, पण आम्ही नुसतं 'गिरीशकडे' म्हणतो.

गिरीश मूळचा धारवाडचा, मळमड्डीत माझ्या शेजारचा. बेंगळुरात मोठ्या हॉटेलात कॉकटेल करायला शिकला आणि परत आला. त्याचा एकच नियम. आपल्या भागात जे पिकतं, रानात जे मिळतं, त्याचंच ड्रिंक करायचं आणि पहिला ग्लास ते आणून देणाऱ्याला द्यायचा. तो पिणारा असेल तर दारू घालून, नसेल तर दारूशिवाय. त्यानं मान डोलावली तरच ड्रिंक मेनूत चढतं, आणि त्याखाली त्या माणसाचं नाव लागतं. मला हा माणूस आवडतो तो यासाठीच.

फक्त एका ड्रिंकखालची जागा कोरी होती. पन्ह्याच्या. कारण पन्हं द्यायची त्याची आई! आमच्या मराठी शाळेतल्या बाई. मला शिकवलं, माझ्या धाकट्या भावाला शिकवलं, आणि काउंटरवरच्या निम्म्या लोकांना पाढे म्हणायला लावले. त्यांना गिरीशनं सांगितलेलं, 'सरबतांचं दुकान आहे.' दुकान धारवाड सोडून हुबळीत का, हे वेगळं सांगायला नको.

दर शनिवारी पन्ह्याचा स्टीलचा डबा स्कूटरवरून आणायचं काम माझं. मी वकील आहे, पण बाईंसमोर खोटं बोलताना मला अजून घाम फुटतो.

"विन्या, जपून ने रे. सांडू नकोस."

"हो बाई."

* * *

तर ते पेरूचं. पेरू द्यायचा कलघटगीचा बसण्णा. गिरीशनं पेरूचं ड्रिंक केलं आणि ग्लासच्या काठाला ब्याडगी मिरचीचं तिखट-मीठ लावलं. काय देखणा ग्लास दिसत होता! बसण्णाच्या पुढ्यात ठेवला आणि आम्ही सगळे श्वास रोखून बघत बसलो.

बसण्णानं ग्लास उचलला, काठ नीट न्याहाळला. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि अख्खा काठ लख्ख पुसून टाकला!

"असू दे अण्णा," तो हळूच म्हणाला, "गिलास धुवायचा राहिला असंल गडबडीत. कुणाला सांगत नाही मी."

नंतर एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाला, "भाळ छलो ऐति!" फार छान आहे, म्हणजे पास. दुसरा कुणी असता तर हसला असता. गिरीशनं त्या दिवसापासून तिखट-मीठ वेगळ्या वाटीत द्यायला सुरुवात केली, पेरूच्या गाडीवर देतात तसं. आता लोक त्या वाटीचेच फोटो काढतात.

* * *

दिन्याचं सांगायलाच हवं. हा तारिहाळच्या एका कारखान्यात टर्नर. गिरीशचा शेकर एकदा गळायला लागला. "एवढंच ना? दे इकडे!" म्हणून दिन्या तो वर्कशॉपला घेऊन गेला. पुढच्या शनिवारी रबराची रिंग बसवून हजर.

गिरीशनं शेकर भरला, जोरजोरात हलवला. एक थेंब बाहेर नाही! आम्ही टाळ्या वाजवल्या. मग तो उघडायला गेला. उघडेना. गिरीशनं ओढला, मी ओढला, तीन नंबरच्या टेबलावरचा पैलवानासारखा गडी उठून आला, त्यानंही हात टेकले.

दिन्या शांतपणे म्हणाला, "गळू नये म्हणून सांगितलं होतंस की नाही? उघडायचा पण आहे, हे कुठं बोललास?"

* * *

बेंगळूरचे एक साहेब आले होते. करवंदाचं ड्रिंक प्यायले आणि डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "वंडरफुल! ही बेरी कुठून इंपोर्ट करता?"

"अळणावरहून."

"तिथून काय, कार्गोनं येते?"

"पॅसेंजरनं येते सर," गिरीश म्हणाला. "गंगक्का घेऊन येतात, टोपलीतून. आज गाडी लेट होती, म्हणून दोनच ग्लास झालेत."

साहेबांनी दुसराही ग्लास स्वतःच घेतला.

* * *

आता बाईंचं.

पहिल्या उन्हाळ्यात पन्ह्याचं ड्रिंक काही जमत नव्हतं. घरी पितो तसं पातळ पन्हं, त्यात जिन पडली की फुळकवणी. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र डब्यातून दाट, झणझणीत पन्हं यायला लागलं. गूळ, मीठ, वेलची, सगळं चढं. ड्रिंक असं काही जमलं की लोक फक्त त्यासाठी यायला लागले. "यंदा कैऱ्याच चांगल्या आहेत रे," गिरीश म्हणायचा. मग मेनूतली कोरी जागा बघत बसायचा. सगळ्यांना पहिला ग्लास दिला, आईलाच नाही, हे त्याला फार लागायचं. आणि सांगावं, तर ती पन्ह्याबरोबर बोलणंही बंद करेल, ही भीती.

एका शनिवारी मला हुबळीच्या कोर्टात काम निघालं. डबा आणायला जमणार नाही, असं मी बाईंना कळवलं आणि तिथूनच परस्पर गिरीशकडे गेलो.

संध्याकाळचे साडेपाच. दार उघडलं आणि आत बाई! हातात डबा. बसनं आल्या होत्या.

काउंटरवरचे आम्ही चार जण एकदम उठून उभे राहिलो. वर्गात उठायचो तसे. चौघांचेही ग्लास पाठीमागे!

"बसा," बाई म्हणाल्या. आम्ही बसलो.

त्या उंच स्टुलावर नीट बसल्या, चष्मा लावला आणि मेनू वाचायला घेतला. बसण्णा, कलघटगी. गंगक्का, अळणावर. बोट कोऱ्या जागेवर येऊन थांबलं.

"गिरी, इथे काय राहिलंय?"

गिरीशनं तोच डबा उघडला, ग्लासात बर्फ टाकला, वर नुसतं पन्हं ओतलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"पहिला ग्लास तुझा, आई," तो म्हणाला.

बाईंनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"हे काय दिलंस? घशाला चिकटतंय."

"अगं, तूच केलंयस की ते! जसंच्या तसं दिलंय."

"तेच म्हणते मी," बाई ग्लास पुढे सरकवत म्हणाल्या. "त्यात तुझं ते पडणार म्हणून मी दाट करते. मला देताना पाणी नको का घालायला?"