कॅन्टीनमधली राखी

आमच्या शेठना शिव्या घालायला मला फार आवडलं असतं. पण राखीची ती युक्ती माझी होती. जळलं मेलं ते डोकं!

सिल्वासातल्या एका धाग्याच्या कंपनीत मी एचआर बघते. गेल्या श्रावणात वाइंडिंग खात्यातली एक मुलगी माझ्या केबिनमध्ये आली. नंदुरबारकडची, जवळच्या रांधा गावात खोली करून राहणारी. बाकीच्या बायका मला मॅडम म्हणायच्या, ही ताई म्हणायची. तिचा सुपरवायझर मशीनपाशी मुद्दाम खेटून उभा राहतो, एकटी गाठून नको ते बोलतो, असं तिने सरळ माझ्याकडे बघत सांगितलं. मागणं एवढंच, की तिला दुसऱ्या शिफ्टला टाकावं. नोकरी सोडून चालणार नव्हतं. गावी दोन धाकटे भाऊ तिच्या पगारावर शिकत होते.

अशा तक्रारींसाठी कंपनीत समिती होती. म्हणजे नोटीसबोर्डावर होती. अध्यक्ष मी, बाकीची नावं शेठच्या घरातली. मी शेठकडे गेले. ते म्हणाले, सुपरवायझर दुखावला तर खातं कोण सांभाळणार? आणि हिला शिफ्ट बदलून दिली तर उद्या सगळ्याच बाया रांग लावतील. काय ते गोडीत मिटवा, खर्चात पाडू नका. तेव्हा मी, दोन मुलींची आई, काय बोलले असेन? म्हटलं, परवा राखी आहेच. कॅन्टीनमध्ये तिच्या हातून त्याला राखी बांधून घेऊ, नातं जोडलं की येईल वठणीवर. शेठ खूश झाले, हुशार आहात म्हणाले. मलाही ते गोड लागलं.

त्या दिवशी ती नाही म्हणाली नाही. नुसती उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे सरकवलं, अगदी हलकेच. बांधताना त्याच्या मनगटाला बोट लागू नये म्हणून ती जपत होती, ते मला दिसलं होतं. त्याने हसत ताटात नोट टाकली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकला आणि पेढा खाल्ला.

शिफ्ट तीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून तो तिला सगळ्यांदेखत 'बहना' म्हणून हाक मारायचा आणि तसाच खेटायचा. दिवाळीआधी तिने नोकरी सोडली आणि कलेक्टर कचेरीतल्या समितीकडे तक्रार केली. सोबत माझा तो फोटो जोडला होता.

कंपनीच्या वापीतल्या वकिलांनी फोटो बघून आधी विचारलं, हा काढला कोणी? मी शाळेतल्यासारखा हात वर केला. ते म्हणाले, त्या माणसाच्या चाळ्यांपेक्षा हा फोटो तुम्हाला महाग पडणार. कंपनीला सगळं माहीत होतं, हे आता वेगळं सिद्ध करायलाच नको. तसंच झालं. समिती नुसती कागदावर म्हणून दंड, तिची भरपाई, वकिलांची फी, वर मुंबईच्या मोठ्या गिऱ्हाइकाने चौकशी संपेपर्यंत माल उचलायचा थांबवला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात इथे तर कोंबडीही फुकट होती, शिफ्ट बदलायला पैसासुद्धा लागला नसता. शेठ रोज मला नुकसानीचा हिशोब ऐकवायचे. मी खाली मान घालून ऐकायचे. खरं सांगायचं तर पैशांचं बोलणं चालू असलं की मला बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ तिची पाठ हाताला आठवत नसे.

शेवटच्या सुनावणीनंतर कचेरीच्या जिन्यात ती समोर आली. भरपाई मंजूर झाली होती, पण काम कुठे मिळत नव्हतं. इथे एका कंपनीतली गोष्ट दुसऱ्या कंपनीच्या गेटवर आधीच पोचलेली असते. एका भावाने कॉलेज सोडल्याचं मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं होतं. मीच पुढे झाले. म्हटलं, त्या राखीची मला फार लाज वाटते गं.

ती थांबली. आवाज चढवला नाही तिने.

"भाऊ मला दोन आहेतच, मॅडम. बहीण नव्हती, म्हणून तुमच्याकडे आले होते."

ती जिना उतरून गेली. खालून शेठनी गाडीत बसायला हाक मारली, तेव्हा मी निघाले.