उत्तर एकानंच द्यायचं

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्येच होतो. शबानाभाभी एवढंच म्हणाल्या, "सर, रफीक गेले..." माझे डोळे समोरच्या पडद्यांवर खिळले होते. ही लॅब रफीकभाईंनीच उभी केलेली. इथल्या संगणकांमध्ये डिस्क नाही. बंद केले की ते सगळं विसरतात. सकाळी बटण दाबलं की प्रत्येक जण तारेवरून हाक मारतो, मी कोण, माझा पत्ता काय? आतल्या खोलीतला सर्व्हर त्याला ओळखून नाव-पत्ता देतो, पुढचं सगळं कुठून घ्यायचं ते सांगतो आणि मग पडदा उजळतो. त्या दिवशीही सगळे पडदे उजळले. मला त्यांचा रागच आला.

मी शिकवायचो, रफीकभाई लॅब सांभाळायचे. संगणकांना ते 'पोरं' म्हणायचे. एकदा ऐन परीक्षेत अर्धी पोरं अडून बसली. मी एकेकाचं बटण पुन्हा पुन्हा दाबत सुटलो. रफीकभाई निवांतपणे टेबलांखाली वाकत गेले आणि कुणीतरी हौसेनं जोडलेला वायफायचा डबा उपसून घेऊन आले. तोही परस्पर पत्ते वाटत बसला होता! "सर, उत्तर एकानंच द्यायचं. दोघं बोलले की पोरं येडी व्हत्यात," म्हणाले, आणि वर माझ्याच नावावर चहा सांगितला.

पुढे ते स्वतःच विसरायला लागले. आधी चाव्या, मग माणसं... शेवटी तर रोज सकाळी घाबरेघुबरे होऊन विचारायचे, मी कोण, कुठं हाय मी? भाभी हात धरून सांगायच्या, "तुम्हारा नाम रफीक. ये मुकुंदवाडी, अपना घर. मैं शबाना." तेवढ्यावर त्यांचा दिवस सुरू व्हायचा. मग मूळ गावाहून, पिशोरहून, थोरले भाऊ युसूफभाई राहायला आले आणि मायेपोटी सांगू लागले, तू पिशोरात हायेस, अम्मी बाहेर बसलीय. अम्मीला जाऊन किती वर्षं झालेली! एका सकाळी मी तिथं होतो. रफीकभाईंनी भाभींकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि हुंदके देत विचारलं, "कुणाचं खरं?" मला तो डबा आठवला. युसूफभाईंना बाहेर नेऊन मी हात जोडले, "भाई, उत्तर एकट्या भाभींनाच देऊ द्या."

"मंग म्या काय करू, सर? भाऊ हाय माझा," ते कळवळून म्हणाले.

नंतर तर भाभींचंही उत्तर त्यांच्यापर्यंत पोचेना. ते विचारत राहायचे, त्या सांगत राहायच्या. इतकी वर्षं आम्ही दोघांनी अडलेलं प्रत्येक यंत्र सुरू केलं, आणि या माणसापुढे माझं काहीएक चाललं नाही. फार असहाय वाटायचं. आजही वाटतं.

परवा सकाळी मुकुंदवाडीला गेलो. दार उघडंच होतं. भाभी रिकाम्या पलंगाशी बसून बोलत होत्या, "तुम्हारा नाम रफीक. ये मुकुंदवाडी, अपना घर. मैं..."

मला पाहून त्या थांबल्या.

"आता विचारत नाय कुणी, सर," म्हणाल्या. "तरी सांगितल्याबिगर मला उठताच येत नाय."