राखेवर मारलेला हिरवा

साखर कारखान्याच्या चेअरमननं माझ्या बायकोला फसवलं. मला नाही, तिला. मला फसवणं अवघड आहे, हे बीडच्या बाजारात रंग विकणारा कोणीही सांगेल. ती तेव्हा या जगात नव्हती, म्हणून त्याला जमलं.

माझं गाड्या रंगवायचं दुकान आहे. दुसऱ्याच्या गॅरेजात पॉलिश पेपर घासत सुरुवात केली आणि भांडून, घासाघीस करून स्वतःचं शेड उभं केलं. जीप, टेम्पो, हंगामाआधी उसाच्या ट्रॉल्या, एप्रिलात जयंतीचे देखावे, एवढ्यावर घर चाललं. मग लागोपाठ दुसऱ्या वर्षीही पाऊस गेला. ऊसच नाही तर ट्रॉल्या कोण रंगवणार? शेडमध्ये माशा बसायला लागल्या.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं परळीला कूलर घ्यायला गेलो. औष्णिक केंद्राच्या वसाहतीतल्या एका साहेबाची बदली झाली होती आणि त्यांनी घरचं सामान विकायला काढलं होतं. मी कूलरचा भाव पाडत होतो, तोवर ही कोपऱ्यातल्या एका खोक्यापाशी जाऊन बसली. खोक्यात खेळण्यातली रेल्वे होती. विजेवर चालणारं इंजिन, कोळशाच्या वाघिणी, रुळांचे तुकडे.

"अहो, कूलरमधी टाकायला पाणी कुठंय?" ती म्हणाली. "ही घ्या की."

"येडी झाली का? पोरगी नांदायला गेली. खेळणार कोण?"

"मी. रेल्वेच्या कडंला वाढलेली पोरगी बापानं बिनरेल्वेच्या गावात दिली. तवा कुणी इचारलं का मला?"

साहेब हसले आणि हसता हसता खोकं जवळजवळ फुकटात देऊन बसले. माझ्या तासाभराच्या घासाघिशीला जे जमलं नव्हतं ते तिनं दोन वाक्यांत केलं. त्याचा राग मला परतीच्या वाटेवर दिंद्रुड येईपर्यंत पुरला.

तिचा बाप परळीला कोळसा उतरवायच्या कामावर होता. घर रुळांना लागून. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. यायची होती. माझ्या जन्माआधीपासून ती यायचीच होती. ही म्हणाली, सरकार आणील तेव्हा आणील, आपण आपल्या शेडात आणू.

जुन्या दाराच्या दोन फळ्या जोडून आम्ही त्यावर रूळ मांडले. डोंगर थर्माकोलचे केले. थर्माकोलवर स्प्रेचा डबा सरळ मारता येत नाही, रंगातलं रसायन त्याला खाऊन टाकतं. म्हणून आधी डिंकानं कागद चिकटवायचा, त्यावर ब्रशनं डिस्टेंपर, आणि ते खडखडीत वाळलं की मग स्प्रे. हे मला जयंतीच्या देखाव्यांपासून माहीत होतं. बाकी सगळं मला तिनं शिकवलं.

पहिली वाघीण मी नव्या गाडीसारखी चकचकीत करून तिच्यापुढं ठेवली.

"नवरदेवावानी काय सजवलाय डबा?" ती म्हणाली. "कोळशाची गाडी हाय ही. जरा बाराच्या उन्हात उभी करा, चार पावसाळे दाखवा तिला."

आयुष्यभर मी जुनं नवं करून दिलं होतं. नवं जुनं कसं करतात ते मला येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायची मला सवय नव्हती. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मग कळत गेलं. आधी रेडऑक्साइड मारायचा, तो ओला असताना त्यावर मीठ भुरभुरायचं, वरून करडा रंग घ्यायचा आणि वाळल्यावर मीठ चोळून काढायचं. मीठ निघतं तिथं खालचा गंज दिसतो. डोंगराला आधी सगळीकडून काळा मारायचा, मग फक्त वरून खाकी, म्हणजे खोबणीतला काळा सावलीसारखा राहतो. आणि शेवटी डबा हातभर लांब धरून मातकट रंगाचा हलका फवारा. आमच्याकडच्या उन्हात तो रंग हवेतच अर्धा वाळतो आणि खाली पडतो तो धुळीसारखा. बालाघाटचे उघडे डोंगर तसेच दिसतात. मी शेडच्या दारातून एकदा समोरच्या डोंगराकडं बघितलं, एकदा फळीकडं, आणि पहिल्यांदा तिला म्हणालो, "जमलं बघ."

"राख कुठंय?" ती म्हणाली.

परळीची माणसं राखेशिवाय रेल्वे ओळखत नाहीत. झाडाच्या पानावर, दोरीवरच्या धुण्यावर, भाकरीच्या पिठावर, सगळीकडं तिथं औष्णिक केंद्राची राख. ती माहेरी गेली आणि पिशवीभर राख घेऊन आली. लोकांच्या बायका माहेराहून लुगडं आणतात, असं मी तिला चिडवलं. मलमलच्या फडक्यात राख बांधून ती ओल्या रंगावर हलकेच थापटायची. मी रुळांच्या कडेनं मोठमोठ्या हातानं करायला गेलो तर हातावर फटका बसला. "तुमी गाडीला रंग देता, तसं न्हाई. राख बसते, कुणी बसवत न्हाई."

झाडं तिनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या शेंड्यांची केली. चारा छावणी केली. कोरडी नदी केली, आणि नदीच्या काठाला विहीर. विहिरीवर टँकर, आणि टँकरपुढं घागरींची रांग. घागरी म्हणजे तिच्या तुटलेल्या माळेचे मणी. रांगेतला एक मणी बाजूला सरकवून मी तिथं स्टेशनची पाटी लावायला गेलो, तर म्हणाली, "नंबर सोडून कुठं जाईल ती? पाटी पलीकडं लावा." एकेका मण्यामागं तिला बाई दिसत होती.

सगळं झाल्यावर मी वरून वार्निशचा हात मारायला डबा उचलला. वार्निश असलं की वरचा थर पक्का होतो, मागून डाग पडला तरी पुसता येतो. तिनं मारू दिलं नाही. वार्निशखाली राख काळी पडते, भिजल्यासारखी दिसते. "इतक्या कष्टानं दुष्काळ केला, आता पाऊस पाडता का?" ती म्हणाली.

चेअरमनची जीप त्याच आठवड्यात रंगायला आली होती. ते रेल्वेपुढं बराच वेळ उभे राहिले. "पेंटर, लई भारी केलंय राव. सभेला ठिवू आपण. सभासद बघतील." मी तिथल्या तिथं नकार दिला. तिनं आतून मान हलवून 'हो म्हणा' असं खुणावलं. तिला वाटत होतं, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी ते बघावं. दरसाल गाव सोडतात, निदान आपली विहीर कुणीतरी नीट केलेली बघतील.

सभेआधी ती गेली. आधी कावीळ म्हणाले, मग यकृत म्हणाले. औरंगाबादला नेलं, परत आणलं. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

चेअरमन भेटायला आले. सतरंजीवर बसले, चहा नको म्हणाले, आणि उठता उठता रेल्वेचा विषय काढला. मी म्हणालो न्या. कसलाही मोबदला नको. एकच अट, रंगाला कुणाचा हात लागायचा नाही. जे आहे ते तिचं आहे.

"वहिनींची आठवण हाय ती," ते म्हणाले. त्यांनी तिच्या फोटोकडं बघितलं, हात जोडले. "कण हलणार न्हाई. माजा शब्द."

मी बाजारात एका डब्याच्या भावासाठी दुकानदाराशी अर्धा दिवस भांडणारा माणूस. तिथं मी शब्दावर सोडलं, कारण शब्द तिच्या फोटोपुढं दिला होता.

सभेच्या दिवशी मंडपात गेलो. रेल्वे मंचाच्या बाजूला टेबलावर ठेवली होती. तिच्यावर हिरवा मारला होता. डोंगर हिरवे, झाडं हिरवी, छावणीसुद्धा हिरवी. पोपटी चकचकीत, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. नदीचं पात्र सुरीनं रुंद कापून त्यात निळा मारला होता, नदी भरलेली दिसावी म्हणून. कापल्यावर थर्माकोल उघडा पडला, आणि कुणीतरी स्प्रेचा डबा सरळ त्यावर धरला. रंगानं थर्माकोल खाल्ला. काठ खचला, विहीर आत गेली. मणी त्या चिकट निळ्या लगद्यात रुतून बसले होते. दोनच वर दिसत होते.

चेअरमन हातात हार घेऊन मंत्र्यांच्या गाडीची वाट बघत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"हे कुणी केलं?"

"आरं पेंटर, या या. अहो, मंत्री यायलेत. त्यांना काय उजाड माळ दाखवायचा का?"

"माळ न्हाई तर काय हाय बाहेर? मंडप उचलून बघा की जरा."

"दोन डबे हिरवा मारला, त्यात काय बिघडलं? तुमचाच धंदा हाय. घरी नेऊन परत मारा तुमचा राखाडी."

"तुमी शब्द दिला होता."

"कामाच्या गडबडीत पोरांनी केलं असंल. मी का डबा घेऊन बसलो होतो?"

मी त्यांचा हार ओढला. फुलं खाली सांडली. चार जणांनी मला धरून मंडपाबाहेर नेलं. त्यातला एक माझ्या ओळखीचा सभासद होता. कानाशी म्हणाला, "कशाला स्वतःचं हसं करून घेता? खेळणं हाय ते."

रेल्वे घरी आणली. थिनरचा बोळा घेऊन कोपऱ्यातल्या एका झाडावरचा हिरवा काढून बघितला. हिरव्याबरोबर राख आली. तिच्या राखेनं तो रंग पिऊन घेतला होता. वार्निश असतं तर पुसता आला असता. आता हिरवा काढायचा म्हणजे तिचा हात काढायचा. मी बोळा ठेवून दिला. माझ्याकडं राख आहे, पिशवीत अजून उरली आहे. थापटता येत नाही मला तशी. करून बघितलं. ती बसत नाही, मी बसवतो, ते दिसतं.

त्यानंतर कारखान्यावर चार वेळा गेलो. शेतकी विभाग म्हणतो, मंडपवाल्यानं केलं. मंडपवाला म्हणतो, वरून सांगितलं. चेअरमन मीटिंगमध्ये असतात.

माझ्या नावावर कारखान्याचा एक शेअर आहे. सभेच्या प्रत्येक विषयपत्रिकेत शेवटी एक ओळ छापलेली असते, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय. माझा विषय मी इथं लिहून ठेवतो, म्हणजे ऐकलाच नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. हिरवा डबा कुणी विकत आणायला सांगितला, त्याचं तोंडानं नाव घ्या. नदी कापायला कुणी सांगितलं ते सांगा. आणि चेअरमन साहेब, माझ्या घरात, सतरंजीवर बसून, मेलेल्या बाईपुढं हात जोडून तुम्ही शब्द दिला होता. तो मोडताना तुम्ही कुणाला विचारलं? मंत्र्याला नका सांगू, मंडपवाल्याला नका सांगू. सभासदांसमोर उभं राहून मला सांगा.