मधल्या ठिपक्यापासून

शेजारच्या अरविंदभाऊजींनी आज सकाळी साडेआठला बेल वाजवली. मी नुकतीच पूजेवरून उठले होते. दारात बघते तर हातात सुचित्राताईंचा जुना फोन, आणि चेहरा असा की मी आधी खुर्ची पुढे केली. बसले नाहीत.

"वहिनी, काहीच नाही हो त्याच्यात. रिकामा आहे."

सुचित्राताई, भाऊजींची बायको, जाऊन अकरा महिने होतील. भाऊजी पावणे गावच्या कारखान्यात चौतीस वर्षं व्हॉल्व्ह तपासायचे. गळती कुठे आहे ते नुसत्या बोटाने सांगायचे म्हणे. घरात बोलणं मोजकं, मूलबाळ नाही. निवृत्त झाले, आणि चौथ्या महिन्यात ताई गेल्या. आता भिंतीपलीकडून रोज कुकरच्या तीन शिट्या ऐकू येतात, की मला कळतं, भाऊजींचा एकट्याचा भात झाला.

ताई फोनमध्ये अभंग म्हणून ठेवायच्या. "सूर कुठे घसरतो ते नंतर ऐकते गं," असं मला म्हणाल्या होत्या. परवा मी बोलता बोलता भाऊजींना हे सांगितलं, तर त्यांना पत्ताच नव्हता! तेव्हापासून एकच ध्यास, की तो आवाज आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. आणि घाईही होती, कारण फोनच्या काचेवर हिरवी रेघ आली होती आणि रोज थोडी रुंदावत होती. दुकानदार म्हणाला, "काका, लॉक मोडला तर आतलं सगळं जाणार."

मी त्यांच्याकडे गेले. भाऊजींनी वायर परत लावली. कॉम्प्युटरवर फोनचं नाव आलं, पण उघडलं की आत पांढरं.

"पुसून टाकलं तिने. मला ऐकवायचं नसेल."

"काहीतरीच काय भाऊजी! फोन कुलपात असला की कॉम्प्युटरला आतलं दिसतच नाही. क्षिप्राने शिकवलंय मला." क्षिप्रा माझी लेक, बंगळुरूला असते. नातवाचे फोटो मी असेच उतरवून घेते आणि दुपारभर बघत बसते.

"कुलूपच उघडत नाही ना. नऊ ठिपके येतात. उभी रेघ केली, आडवी केली, तिच्या नावातला स केला. थांबा म्हणतो, मग परत तेच."

मी ते ठिपके बघितले. तीन, तीन, तीन. आणि मला त्यांचा उंबरठा दिसला.

"भाऊजी, ताई दारात रांगोळी कशी काढायच्या?"

"रांगोळी काढायची ती. रोज."

"हो, पण कशी?"

ते दाराकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मी ओलांडून जायचो, वहिनी. कामाची घाई असायची."

आम्ही सगळ्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो. ताई मधल्या ठिपक्यापासून करायच्या. मधला देवाचा, तिथून वर, आणि मग उजवीकडून बाहेरच्या आठांना प्रदक्षिणा. शेवटचं टोक मात्र जोडायच्या नाहीत. मी एकदा चिडवलं होतं, "ताई, रांगोळी संपली की काय?" तर म्हणाल्या, "माणूस बाहेर गेलंय ना. संध्याकाळी आलं की जोडते."

हे मी सांगितलं. भाऊजींनी बोट मधल्या ठिपक्यावर ठेवलं. दोनदा रेघ मध्येच तुटली. तिसऱ्यांदा फोन उघडला.

मग मी वरून पट्टी खाली ओढली, 'फाइल ट्रान्सफर' निवडलं, आणि त्या पांढऱ्यात एकेक फोल्डर उमटत गेलं. अभंग एकोणसाठ.

"कट करू नका हं," भाऊजी घाईने म्हणाले. "कॉपीच करा. तिच्या फोनमधून हलायला नको."

कॉपी झाली. त्यांनीच पहिला लावला. ताईंचा तो जरा नाकातला सूर खोलीत आला. दुसऱ्या कडव्यात दाराची बेल वाजली. "आले वाटतं," ताई म्हणाल्या, आणि संपलं.

दुसरा लावला. तिसरा. सगळ्यांवर तारखा होत्या, वेळ सव्वासहा, साडेसहा. कुठे पहिल्या कडव्याशी बेल, कुठे तिसऱ्याशी. "आले वाटतं." एकही अभंग पुरा नव्हता.

भाऊजी पडद्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी आलो की ती थांबायची," म्हणाले. "एकदा तरी म्हणायचं ना, बसा, ऐका."

मी चहा ठेवते म्हणून उठले. निघताना बघितलं, उंबरठा कोराच होता.

संध्याकाळी दिवा लावला तेव्हा सव्वासहा झाले होते. भिंतीपलीकडून ताईंचा आवाज आला. बेल वाजली. पुन्हा सुरुवातीपासून आवाज आला. आज कुकरच्या शिट्या काही ऐकू आल्या नाहीत.