जाळ्यांची सावड

चौथी कात टाकून रेशमाच्या अळ्या उठल्या तेव्हा मावशीच्या शेडमध्ये बहुतेक करंगळीएवढ्या झाल्या होत्या. मधूनमधून काही मात्र काडीएवढ्याच. "गारठ्यानं मागं ऱ्हायल्यात," मावशी म्हणाली. मी मान डोलावली. मला घाई होती, उरलेली पत्रकं वाटायची होती.

मावशी निमगाव सावाला बियाण्याचे रेशीमकोष करायची. बाजारातले कोष उकळून धागा काढतात. हिच्या कोषांतून बीज केंद्रात पतंग बाहेर येऊ देत, माद्या अंडी घालत, आणि ती अंडी जुन्नर-आंबेगावात घरोघरी जात. हे काम मिळावं म्हणून तिनं दोन वर्षं शेडबाहेर चपला काढल्या, चुन्यानं हात सोलून घेतले. मादीचा रोग अंड्यांत उतरतो, म्हणून एक रोगी मादी निघाली की काम गेलं, हे तिला पाठ होतं.

दोन महिन्यांपासून मी ओतूरच्या एसटी स्टँडवर उभी राहून पत्रक वाटत होते. पुढच्या पानावर ठणकावलं होतं: बीज केंद्र झोपलंय! माद्या मूठमूठ एकत्र कुटून एकच थेंब बघतात. प्रत्येक मादी तपासा! मागच्या पानावर उपाय होता. अळ्यांवर जाळी अंथरून ताजा पाला टाकला की त्या वर चढतात आणि खालची घाण काढता येते. या जाळ्या प्रत्येकानं विकत कशाला घ्यायच्या? पेरणीला सावड करतो, तशी जाळ्यांचीही करा. स्वच्छ धुऊन पुढच्या घरी द्या. यादीही मीच केली, कुणाकडून कुणाकडं.

हंगामाचे कोष केंद्रात गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन तिथं धडकले. तपासणीवाल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"आज कुणाचा निषेध?"

"तुमचाच."

"बसा मग. हा खलबत्ता. एकेक करा, कोण अडवतंय!"

प्रत्येक मादी अंडी घालून आपापल्या वाटीत फडफडत होती. पोट कुटायचं, थेंब काचेवर, डोळा सूक्ष्मदर्शकाला. "रोगाचे चकचकीत, लांबट दाणे दिसले तर हाक मारा," बाई म्हणाल्या. बराच वेळ नुसता गाळ दिसला. मग एका थेंबात तांदळासारखे दाणे हलले. एक नाही, सगळी काच भरून.

"सापडला!" मी ओरडलेच. खरं लिहायचं तर मला आनंद झाला होता. माझं पत्रक खरं ठरलं होतं.

"वाटीवरची चिठ्ठी वाचा," बाई म्हणाल्या.

निमगाव सावा. मावशीचा लॉट.

बाईंनी त्याच लॉटच्या आणखी माद्या स्वतः कुटल्या. त्यांतही तेच. "तिला अंडी तपासून दिली होती," त्या म्हणाल्या. "अळ्या लहान-मोठ्या राहिल्या तेव्हाच ओळखायला हवं होतं. शेडमध्ये बाहेरून काय आलं?" "जाळ्या," मी म्हणाले. त्यांनी माझंच पत्रक उलटं केलं. "धुऊन द्या. कशानं, ते लिहिलं नाही?"

लोकांनी जाळ्या नळाखाली धरल्या होत्या, उन्हात वाळवल्या होत्या. औषधात बुडवायला मी सांगितलंच नव्हतं. मावशीच्या आधी त्या ज्या घरी होत्या, तिथले कोष बाजाराला गेले; ते कोणी तपासत नाही.

मावशीच्या लॉटची सगळी अंडी केंद्राच्या मागं जाळली. पुढच्या हंगामात बियाण्याचं काम नाही, हे तिला मीच सांगितलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "जाळ्या आता कुणाकडं हायेत?"

यादीत पुढं अवसरी खुर्द होतं. मेंढरं विकून नुकतीच तुती लावलेलं घर. सकाळच्या एसटीनं गेलो. मी उंबऱ्याकडं निघाले तर मावशीनं दंड धरला. "दारातच थांब. आपल्या अंगावर काय हाय, काय ठावं."

घरची बाई पाला टाकत होती. "या पुढारीणबाई!" ती हसली. "तुमच्या कागदानं लई सोय झाली बगा. जाळ्या लई कामाच्या."

रॅकवर त्याच निळ्या जाळ्या होत्या.

"अळ्या एकसारख्या हायेत का गं?" मावशीनं बाहेरूनच विचारलं.

"हायेत की. थोड्या बारक्या ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "गारठ्यानं असंल."