उजव्या सीटवरचे मास्तर

लक्ष्मी गेटजवळ राहणारे दत्तात्रेय मोघे एका इंटर कॉलेजात चित्रकला शिकवत. घराणं झाशीतलं जुनं. भिक्षुकी वडिलांपर्यंत चालली, मग थांबली. बाहेर सगळं हिंदी, घरात मराठी, आणि तीही अशी की पुण्याकडचा पाहुणा आला तर गालातल्या गालात हसायचा.

माणूस हेवेखोर नव्हता. शेजाऱ्याने तिसरा मजला चढवला, मेहुणा कॅनडाला गेला, मागाहून नोकरीला लागलेला गणिताचा मास्तर प्रिन्सिपल झाला. मोघ्यांच्या कपाळावर आठी चढली नाही. "ज्याचं त्याला लखलाभ," म्हणायचे आणि पेन्सिलीला टोक काढत बसायचे. पण हेवा कुणाला सुटलाय? त्यांच्या वाटणीचा सगळा हेवा एकाच गाडीपायी एकदम वसूल झाला.

ती गाडी डॉक्टर माथुरांची. डॉक्टर सर्जन होते, सिव्हिल लाइन्समध्ये बंगला होता. मोघे दर रविवारी त्यांच्या नातीला चित्रकला शिकवायला जायचे. दिल्लीतल्या वकिलातीतला एक जर्मन साहेब मायदेशी परतताना आपली गाडी विकून गेला, ती डॉक्टरांनी घेतली होती. गडद निळी बीएमडब्ल्यू, दोनच दारांची, लांब नाकाची कूपे. पहिल्यांदा मोघ्यांनी ती पाहिली तेव्हा ते तिच्याभोवती दोन चकरा मारून आले. छपरापासून मागच्या दिव्यापर्यंत उतरलेली ती रेघ कुणी तरी एका श्वासात ओढली असावी, असं त्यांना वाटलं. मुलांना ते वर्षानुवर्षं हेच सांगत होते, हात उचलू नका म्हणून.

शिकवणी संपली की डॉक्टर हाक मारायचे, "बैठिए मास्टरजी, ज़रा हवा खा आते हैं." मग बबीना रोड. गाडी परदेशची, स्टेअरिंग डावीकडे. त्यामुळे डॉक्टर चालवायचे डावीकडून आणि मोघे बसायचे उजवीकडे, जिथे आपल्याकडे चालवणारा बसतो. रस्त्यावरची माणसं बघायची ती मोघ्यांकडे. कॉलेजची पोरं सायकली थांबवून नमस्कार करायची. मोघ्यांना गाडी चालवता येत नव्हती, तरी ते दोन्ही हात मांडीवर जरा पुढे धरून बसायचे. हे सुख बरीच वर्षं चाललं.

फोनवर ते याच्या गोष्टी दिवाकरला सांगायचे. दिवाकर शेडगे म्हणजे शाळासोबती. वडील सुभेदार, मूळचे सातारा भागातले. त्यांची बदली बबीनाच्या छावणीत होती तेवढी तीन वर्षं दिवाकर फौजी ट्रकमधून झाशीच्या शाळेत यायचा आणि मोघ्यांच्या बाकावर बसायचा. पुढे तो पुण्यात गेला, यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा काढला, चांगला पैसा केला. पण मैत्री सुटली नाही.

डॉक्टर वारले. नात आधीच परगावी शिकायला गेली होती. गाडी गॅरेजमध्ये चादरीखाली उभी राहिली. मिसेस माथुर एकदा म्हणाल्या, "मास्टरजी, अब इसे कौन चलाएगा? कोई अच्छा आदमी हो तो बताइए." मोघ्यांनी घरी येऊन दिवाकरला फोन लावला. खरं तर फक्त मन मोकळं करायला लावला होता. दिवाकरने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दत्ता, तू घेणार असशील तर मी मध्ये पडत नाही. खरं सांग."

मोघे हसले. "मी? अरे यार, मास्तर माणूस मी. ठेवू कुठे? आमच्या गल्लीत सांडसुद्धा मागेपुढे करून वळतो."

पुढच्याच आठवड्यात दिवाकर झाशीत हजर. गाडीवरची चादर काढल्यावर त्याने आधी पाहिलं ते मीटर. छपराकडे, रेषेकडे नजरच नाही. बॉनेटखालचे नंबर कागदांशी ताडून पाहिले, टायर पाहिले, आणि दुपारच्या आत व्यवहार उरकला.

"दत्ता, ही गाडी नाही, ठेव आहे," तो मोघ्यांच्या घरी जेवताना म्हणाला. "अशा कूपे आता बनत नाहीत. सगळं मूळचं, त्यात फिरलेली कमी. आठ-दहा वर्षं हात लावायचा नाही. सोनंसुद्धा हिच्या मागे पडेल."

मोघे पोळीचे तुकडे मोडत राहिले. ज्या गाडीशेजारून जाताना आपण पावलं हळू टाकत होतो, ती या गड्याने मेथीचा भाव करावा तशी घेतली! वसुंधरा, म्हणजे मोघ्यांची बायको, पोळी वाढत होती. तिने नवऱ्याच्या ताटाकडे पाहिलं. कढी तशीच होती.

दिवाकरच्या पुण्याच्या सोसायटीत जागा नव्हती. मिसेस माथुर म्हणाल्या, गॅरेज रिकामंच आहे, राहू द्या. राहिला प्रश्न इंजिनाचा. उभी राहून बॅटरी उतरते, आठवड्यातून एकदा तरी चालू करायला हवं.

"ते तू कर," दिवाकर म्हणाला. "किल्ली फिरवायला ड्रायव्हिंग कशाला लागतं? फक्त बाहेर काढू देऊ नकोस कुणाला. किलोमीटर वाढले की किंमत उतरते."

नाही म्हणावं असं मोघ्यांच्या मनात होतं. तोंडातून निघालं, "बरं."

आणि मग दर रविवारी मोघे स्कूटरने सिव्हिल लाइन्सला जायचे. गॅरेजची दारं सताड उघडायची, चादर घडी करायची, डावीकडे बसायचं, गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना पाहायचं, किल्ली फिरवायची. इंजिन गुरगुरायचं. गाडी जागची हलायची नाही. समोर भिंत. पंधरा मिनिटांनी बंद करून ते काचा पुसायचे, दाराच्या फटीतली धूळ पेंटिंगच्या ब्रशने काढायचे आणि जसजशी गाडी चमकायची तसतसा जीव जळायचा. वसुंधरा म्हणालीच एकदा, "अहो, मूल त्यांचं आणि पाळणा तुम्ही हलवताय. एक तर सोडा, नाही तर कुढू नका."

"कुढतंय कोण?" मोघे म्हणाले.

एका सकाळी तिरपं ऊन गॅरेजमध्ये आलं होतं. मोघ्यांनी फोनवर गाडीचा फोटो काढला. ऊन बरोबर त्या रेघेवरून ओघळत होतं. फोटो दिवाकरला पाठवला. दोन दिवसांनी दिवाकरचा मेसेज: जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकलेला हा फोटो भलताच गाजला. सोबत त्या ग्रुपचं पान. फोटोखाली दिवाकरने लिहिलं होतं, "झाशीत माझीही एक राणी आहे." शेकडो लोकांनी वाहवा केली होती. फोटो कुणी काढला, गाडी कोण पुसतो, याचा उल्लेख नाही. मोघ्यांनी तो मेसेज इतक्या वेळा उघडला की वसुंधरेने फोनच काढून घेतला.

त्या फोटोने गिऱ्हाईक आणलं. दिल्लीचे कुणी खन्ना, अशा गाड्या जमवणारे. दिवाकरचा फोन आला, "दत्ता, आठ-दहा वर्षं कशाला? आत्ताच चांगली मागणी आलीय. ते येतायत बघायला. तू दाखव, तुझ्याइतकं तिच्याबद्दल कुणाला सांगता येणार?"

खन्ना आले. अंगाने भरलेले, मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, आणि छपरावरून मागे उतरणाऱ्या त्या रेघेवर, अगदी त्याच रेघेवर, तळहात फिरवला. "क्या लाइन है!" दिवाकरला जे दिसलं नव्हतं ते याला एका नजरेत दिसलं. वास्तविक मोघ्यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवाकरकडे निदान फक्त कागद होते. हा माणूस तर सगळंच नेणार होता.

"मास्टरजी, मीटर ओरिजिनल है ना?" खन्नांनी विचारलं.

मोघे ब्रश पुसत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "बीच में खराब हुआ था. डॉक्टर साहब ने दूसरा लगवाया. असली किलोमीटर तो अब भगवान ही जाने."

खन्नांचा चेहरा पडला. सगळं गणित मीटरवर होतं. त्यांनी चहा घेतला, आभार मानले आणि दिल्लीची गाडी पकडली.

त्या दिवशी मोघे घरी गुणगुणत आले. जेवायला बसले आणि दुसऱ्या घासालाच ताट सारून उठले.

दिवाकरने फोनवर विचारलं, "मीटर बदललं होतं? तू मला कधी बोलला नाहीस."

"आता... आठवलं तसं सांगितलं," मोघे म्हणाले.

"बरं," दिवाकर म्हणाला. त्या 'बरं'मध्ये पुढचं सगळं होतं.

रविवारी मोघे गेले तर मिसेस माथुर गॅरेजच्या दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "दिवाकर जी का फ़ोन आया था. पूछ रहे थे, मीटर कब बदला."

"आपने क्या कहा, भाभीजी?"

"जो सच था. वो तो बटन भी बदलवाते थे तो पहले मुझे दिखाते थे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मास्टरजी, गाड़ी मेरे घर से गई, मुझे बुरा नहीं लगा. आपको किस बात का लगा?"

त्या दिवशी मोघे इंजिन चालू न करताच परतले.

दिवाकर न कळवता आला. घरी नाही, सरळ सिव्हिल लाइन्सला. तिथून त्याने मोघ्यांना बोलावून घेतलं. गॅरेजमध्ये दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"का?" दिवाकरने एवढंच विचारलं.

"तू घेतलीस, पण तुला ती दिसतच नव्हती," मोघे म्हणाले. आवाज चढला होता. "तुझ्यासाठी नुसती ठेव. मी इथे वर्षानुवर्षं..."

"मग तू घ्यायची होतीस! मी आधी तुला विचारलं होतं."

"कशाच्या जोरावर घेणार होतो?"

"तसं म्हणायचं होतंस. हसलास कशाला?" दिवाकर हळू आवाजात म्हणाला, "आणि ठेवीचं निमित्त मी बायकोला पटवायला काढलं. तुला सांगू? आम्ही दर तीन वर्षांनी ट्रंका बांधायचो. बबीनाहून तुझ्या घरी यायचो तेव्हा तुझी आई तुझ्या नेहमीच्या जागी तुझं पान मांडायची. मला कुठल्या गावात नेहमीची जागा नव्हती. पुढे तुझे ते फोन. डॉक्टर, रविवार, बबीना रोड, माणसं कशी सलाम करतात. फोन ठेवला की मला झोप यायची नाही. गाडी बघायच्या आधीपासून मला ती हवी होती, दत्ता. तुझी होती म्हणून हवी होती."

हे ऐकून मोघ्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. अगदी आतून, गुळाचा खडा विरघळावा तसं. आजवरच्या आयुष्यात त्यांच्यावर कुणी जळलं नव्हतं.

मग स्वतःचीच लाज वाटली. ते गाडीच्या बॉनेटला टेकणार होते, पण टेकले नाहीत.

"चल, विकत नाही मी," दिवाकर म्हणाला. "राहू दे इथेच. ड्रायव्हिंग शीक आणि चालव. किलोमीटर वाढले तर वाढू देत."

मोघे म्हणाले, "नको. विकून टाक. ती इथे राहिली तर कागद तुझे आणि जीव माझा, असंच चालणार. आज मीटर म्हणालो, उद्या आणखी काही म्हणेन. तुझी न् माझी बोलचाल उरणार नाही."

त्यांनी तिथूनच खन्नांना फोन लावला. मीटर मूळचंच आहे, आपण खोटं बोललो, भाभीजींना विचारून खात्री करून घ्या, असं सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, का बोललात?

"जलन थी, साहब," मोघे म्हणाले.

खन्ना मोठ्याने हसले. "अरे मास्टरजी, इसी पर तो हमारा सारा शौक चलता है!"

खन्नांनी गाडी नेण्यापूर्वी दिवाकरने एकदा ती बबीना रोडवर काढली. डाव्या बाजूच्या स्टेअरिंगची सवय नसल्याने त्याने दोनदा गिअर कुरकुरवला आणि मोघ्यांनी दोन्ही वेळा डोळे मिटून घेतले. छावणीत आता परवानगीशिवाय सोडत नाहीत. दोघं बाहेरच एका टपरीवर उभं राहून चहा प्यायले आणि परतले. काही विशेष बोलणं झालं नाही.

वर्षभराने दिल्लीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. खन्नांनी आठवणीने मोघ्यांना पास पाठवले. वसुंधरेला घेऊन ते गेले. निळी कूपे दोरीच्या आत उभी होती, चौफेर दिवे सोडलेले. मोघे दोरीपर्यंत गेले तसा पहारेकरी म्हणाला, "हाथ मत लगाइए, अंकल."

"पॉलिश जास्त झालंय," मोघे वसुंधरेला म्हणाले.

"झालं का सुरू!" ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

ते निघायला वळले, तर मागे एक मध्यमवयीन गृहस्थ टाचा उंचावून बघत होते. ओठ घट्ट मिटलेले, नजर छपराच्या उतारावर खिळलेली. तो चेहरा मोघ्यांना चांगला ओळखीचा वाटला. ते बाजूला सरकले आणि म्हणाले, "आइए भाईसाहब, इधर से देखिए. यहाँ से पूरी लाइन दिखती है."